चिमणीतला धूर, टाकीतली वाफ आणि वायरमधला आकडा

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, किंवा ज्यांचे इयरफोन आमच्यासारखेच एका बाजूनं बंद पडलेत, त्यांच्यासाठी या भागाचा हा मजकूर. बोलताना जे अडखळलो ते काढलंय, बाकी तसंच ठेवलंय.

मागच्या गणपतीत वैभववाडीला घरी होतो. सुट्टी होती, पण ऑन-कॉलही होतो. आत रेंज येत नाही म्हणून पडवीत लॅपटॉप घेऊन बसलो होतो. आजी शेजारी वाल सोलत होती. तिनं विचारलं, ‘तू करतस काय नेमक्या?’ मी सांगितलं, की कारखान्याच्या चिमणीवर एक यंत्र बसवतात, ते आतल्या हवेत किती घाण आहे त्याचा आकडा काढतं, तो आकडा आमच्या सॉफ्टवेअरमधून प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सर्व्हरवर जातो. मी इथे बसूनसुद्धा बघू शकतो. तिनं वाल सोलता सोलता माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, ‘चिमणीचो वास हय बसान कसो कळता तुका? तुज्या त्या कम्प्युटराक नाक आसा काय?’

मी हसलो. पण प्रश्न डोक्यातून गेला नाही. मी बी.टेक. लोणेऱ्याला केलं. तिथे पर्यावरणाचा एक पेपर होता आणि तो मी पास झालो, एवढंच त्यातलं आठवत होतं. म्हणून गेले काही महिने रात्री बसून वाचत होतो, की कारखान्याच्या हवेवर नजर ठेवायला आपण सुरुवात कधी केली, आणि ती नजर कोणाची होती. आजचा भाग त्यावर.

एक योगायोग आधी सांगून टाकतो. आपला सिंधुदुर्ग जिल्हा रत्नागिरीतून वेगळा झाला १ मे १९८१ ला. देशाचा हवा प्रदूषण प्रतिबंधाचा कायदा अंमलात आला १६ मे १९८१ ला. म्हणजे जिल्हा आणि कायदा यांच्यात पंधरा दिवसांचं अंतर. दोघांचा एकमेकांशी तसा काही संबंध नाही. आमच्या तालुक्यात धूर म्हणजे चुलीचा, नाहीतर उन्हाळ्यात भाजावळीचा. पण आमच्याकडची माणसं धुराकडे स्वतः चालत गेली. चाकरमानी म्हणजे दुसरं काय.

माझे आजोबा गिरणगावात एका गिरणीच्या बॉयलर खात्यात होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, तो संपायची वाट बघून ते गावी परतले आणि पुन्हा गेले नाहीत. मी त्यांना फारसं बघितलेलं नाही. त्यांच्याबद्दल घरात सांगतात ते एवढंच, की ते आकाशाकडे बघून बॉयलर कसा चाललाय ते सांगायचे. काळा धूर म्हणजे कोळसा नीट जळत नाही, हवा कमी पडतेय. फिकट धूर म्हणजे बरं चाललंय. मला ही घरातली अतिशयोक्ती वाटायची. पण शंभर वर्षांपूर्वी सरकारी निरीक्षकसुद्धा नेमकं हेच करायचे.

मुंबईची पहिली कापडगिरणी कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये ताडदेवला काढली. पुढच्या पन्नास वर्षांत परळ, लालबाग, भायखळा चिमण्यांनी भरलं. धुराची तक्रार त्याआधीपासूनच होती, पण पहिला कायदा कोलकात्यात झाला, १८६३ मध्ये. तिथे १९०५ मध्ये त्याची जागा नव्या, जास्त कडक कायद्यानं घेतली, आणि त्याच वळणावर मुंबईचा ‘स्मोक न्यूसन्सेस ॲक्ट’ १९१२ मध्ये आला. त्यातलं ‘न्यूसन्स’ म्हणजे उपद्रव. धूर हा तेव्हा विषारी मानला जात नव्हता, तो त्रासदायक मानला जात होता. भिंती काळ्या होतात, वाळत घातलेले कपडे खराब होतात, साहेबांना खोकला येतो.

मग धूर जास्त आहे की कमी, हे ठरवायचं कसं? इथे एक फ्रेंच माणूस येतो, माक्स रिंगेलमन. शेतीच्या यंत्रांचा प्राध्यापक. त्यानं एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी एक तक्ता बनवला. पांढऱ्या कागदावर काळ्या रेघांची जाळी. पहिल्या चौकटीत रेघा बारीक, पुढच्यात जाड, त्यापुढच्यात आणखी जाड. तक्ता लांब धरला की रेघा दिसत नाहीत, राखाडी रंग दिसतो. क्रमांक शून्य म्हणजे कोरा पांढरा, क्रमांक पाच म्हणजे पूर्ण काळा, आणि मधल्या प्रत्येक पायरीला वीस टक्के काळा वाढलेला. निरीक्षकानं लांब उभं राहायचं, तक्त्याच्या राखाडीशी चिमणीच्या धुराचा रंग जुळवायचा आणि वहीत लिहायचं: क्रमांक तीन, इतकी मिनिटं. आपल्यापैकी ज्यांनी ग्राफिक्सचं काम केलंय त्यांना हे लगेच कळेल, काळ्या ठिपक्यांतून राखाडी दाखवायची तीच युक्ती. जगभरच्या धूर-निरीक्षकांनी हा तक्ता अनेक दशकं वापरला.

(अवांतर: याच रिंगेलमननं दोरखंड ओढण्याचे प्रयोग केले होते. एकटा माणूस जितका जोर लावतो, त्यापेक्षा गटात ओढताना प्रत्येकजण कमी जोर लावतो, हे त्यानं मोजून दाखवलं. ज्यांनी कॉलेजात ग्रुप प्रोजेक्ट केलंय त्यांना पुरावा नकोच असेल.)

तर कायदा आला, तक्ता आला, निरीक्षक आले. पण मुंबईच्या गिरण्यांचा धूर कमी होण्यामागे माझ्या मते कायद्यापेक्षा मोठा हात विजेचा आहे. टाटांनी लोणावळ्याजवळ धरणं बांधून घाटाखाली खोपोलीला वीज तयार केली आणि १९१५ पासून ती तारेतून मुंबईच्या गिरण्यांना दिली. गिरण्यांनी वाफेची इंजिनं हळूहळू सोडली. वाफ लागतच होती, म्हणून बॉयलर राहिले, म्हणून माझ्या आजोबांना नोकरी मिळाली. पण प्रत्येक मागावर कोळशाचा भार राहिला नाही. दंडाच्या भीतीनं जे झालं नसतं ते परवडणाऱ्या पर्यायानं झालं. ही गोष्ट पुढेही लागणार आहे, म्हणून लक्षात ठेवा.

आता आजोबांच्या पिढीकडून पुढच्या पिढीकडे, आणि परळहून चेंबूरकडे.

माझे थोरले काका चेंबूरला राहतात. चाळीस वर्षं झाली. लहानपणी मे महिन्यात आम्ही त्यांच्याकडे जायचो, तेव्हा रात्री खिडकीतून एक वास यायचा. गोडसर, डोक्यात जाणारा. मी विचारायचो, हा कसला वास? काका म्हणायचे, ‘कसलो? माका तर येना नाय.’ आणि मग हसून, ‘गावाक गेलंय की वास नसता, तेव्हा चुकल्यासारख्या वाटता.’ आकाश मात्र स्वच्छ असायचं. रिंगेलमनचा तक्ता धरला असता तर क्रमांक शून्य आला असता.

चेंबूर-तुर्भे पट्ट्यात पहिला तेलशुद्धीकरण कारखाना १९५४ मध्ये सुरू झाला, स्टॅनव्हॅकचा. १९५५ मध्ये बर्मा-शेलचा. १९७० च्या दशकात सरकारीकरण झाल्यावर त्यांचेच एचपीसीएल आणि बीपीसीएल झाले. शेजारी टाटांचं औष्णिक वीजकेंद्र, मग खतांचा कारखाना, रसायनांचे कारखाने, आणि समुद्राकडे माहुलला तेलाच्या व रसायनांच्या टाक्या. कोळशाच्या काळात घाण डोळ्यांना दिसायची. तेलाच्या काळात ती दिसेनाशी झाली. बेंझीन घ्या. रंग नाही, वास गोडसर, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं ते माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलंय. रक्ताचा कर्करोग. भारताची २००९ ची मानकं सांगतात, की वर्षाची सरासरी धरून एक घनमीटर हवेत बेंझीन ५ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नको. साखरेचा एक दाणा शंभराहून जास्त भागांत फोडला तर एक भाग साधारण तेवढा होईल. हे डोळ्यांनी पकडणारा निरीक्षक कुठून आणणार?

कायद्याची गाडी या काळात कशी चालली ते भराभर सांगतो. महाराष्ट्रानं आधी पाण्याचा कायदा केला, १९६९ मध्ये, देशाच्या आधी. ७ सप्टेंबर १९७० ला राज्याचं प्रदूषण नियंत्रण मंडळ आलं. जून १९७२ मध्ये स्टॉकहोमला पर्यावरणाची जागतिक परिषद झाली, आणि १९८१ च्या हवेच्या कायद्याच्या प्रस्तावनेतच तिचा उल्लेख आहे. महाराष्ट्रात तो १९८३ मध्ये काही भागांना लागू झाला. अख्खं राज्य ‘हवा प्रदूषण नियंत्रण क्षेत्र’ व्हायला १९९६ उजाडलं. म्हणजे पंधरा दिवसांनी मोठा असलेला माझा जिल्हा पंधरा वर्षं त्या कायद्याची वाट बघत होता.

मध्ये २ आणि ३ डिसेंबर १९८४ ची रात्र आली. भोपाळ. मिथाइल आयसोसायनेट. त्या रात्रीबद्दल एका परिच्छेदात बोलणं बरोबर वाटत नाही, त्यावर स्वतंत्र भाग करू. इथे एवढंच, की त्यानंतर १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा आला, आणि त्याच्या नियमांत उद्योगागणिक मानकं लिहायची पद्धत पडली: या प्रकारच्या कारखान्याच्या चिमणीतून घनमीटरला इतके मिलिग्रॅम. १९८७ च्या दुरुस्तीनं हवेच्या कायद्याला दात आले, मंडळाला कारखाना बंद करायचा आणि वीज-पाणी तोडायचा अधिकार मिळाला.

अमेरिकेचंही बघू, कारण तिथे एक मजेशीर चूक झाली आणि ती त्यांनी सुधारली. त्यांच्या १९७० च्या कायद्यात लिहिलं होतं, की घातक वायुप्रदूषक शोधा आणि लोकांना पुरेसं सुरक्षित राहील असं मानक ठरवा. ऐकायला छान. पण कर्करोग घडवणाऱ्या पदार्थाची ‘पुरेशी सुरक्षित’ पातळी कोणती, यावर कोर्टकचेऱ्या चालू राहिल्या आणि वीस वर्षांत अगदी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच पदार्थांची मानकं झाली. १९९० मध्ये त्यांनी पद्धतच बदलली. १८९ पदार्थांची यादी थेट कायद्यात छापली, आणि सुरक्षित किती याचा वाद बाजूला ठेवून विचारलं, की याच उद्योगातले सर्वांत चांगले १२ टक्के कारखाने काय करतात? बाकीच्या जुन्या कारखान्यांनी निदान तितकं करायचं. म्हणजे ‘जमत नाही’ ही सबब संपली, कारण शेजाऱ्याला जमलेलं असतं. त्याच कायद्यात राज्यांना सांगितलं, की ड्रायक्लीनिंगवाले, क्रोम प्लेटिंगवाले अशा छोट्या धंद्यांना नियम समजावून द्यायला, कागद भरायला, पर्याय सुचवायला मदतीची व्यवस्था उभी करा.

ही मदतीची बाजू मला महत्त्वाची वाटते. आपल्याकडे मध्यम आकाराच्या केमिकल कारखान्यात जा. मालक तिथलाच, शिफ्टचा केमिस्ट तिशीचा, आणि ‘पर्यावरण’ हे काम ज्याच्या गळ्यात पडलंय तो माणूस स्टोअर्सही बघतो. त्याला मदत कोण करतं? कन्सल्टंट. कन्सल्टंटला पैसे कोण देतं? कारखाना. यावर पुढे येतो. आधी माहुल.

पेट्रोलची मोठी टाकी दुपारी तापते. आतली वाफ फुगते आणि व्हेंटमधून बाहेर पडते. रात्री टाकी गार होते, बाहेरची हवा आत जाते. या कामातले लोक त्याला टाकीचं ‘ब्रीदिंग’ म्हणतात, टाकी श्वास घेते. टँकर भरतानाही तेच. जेवढं तेल आत, तेवढी वाफ बाहेर. शिवाय हजारो व्हॉल्व्ह, फ्लँज, पंपांचे सील, प्रत्येकातून थोडंथोडं. यांना एकत्र ‘व्हीओसी’ म्हणतात, सहज उडून जाणारी सेंद्रिय रसायनं. यात चिमणी कुठेच नाही. म्हणून चिमणीवर कितीही चांगलं यंत्र बसवलं तरी त्याला हे कळत नाही.

उपाय आहेत, आणि तंत्र जुनं आहे. टाकीत तेलावर तरंगणारं छत टाकायचं, म्हणजे वाफ साठायला जागा उरत नाही. टँकर भरताना निघणारी वाफ पाइपनं ओढून सक्रिय कार्बनमध्ये धरायची आणि परत तेल करायचं. आणि हातात वाफ हुंगणारं यंत्र घेऊन प्रत्येक व्हॉल्व्हजवळ जायचं, गळती लिहायची, ठरलेल्या दिवसांत दुरुस्त करायची. शेवटचं काम भयंकर कंटाळवाणं असतं. पण वाचलेली वाफ म्हणजे वाचलेलं तेल, म्हणून यात कारखान्याचाही फायदा आहे. तेलशुद्धीकरण कारखान्यांसाठी हे सगळं २००८ च्या केंद्रीय मानकांत लिहिलेलं आहे.

माहुल हे मुळात कोळ्यांचं गाव. तिथल्या रहिवाशांनी राष्ट्रीय हरित लवादाकडे धाव घेतली. केईएम रुग्णालयानं २०१३ मध्ये माहुल परिसरात पाहणी केली होती, तिच्यात साधारण तीनातल्या दोघांनी महिन्यात तीनपेक्षा जास्त वेळा श्वास लागतो असं सांगितलं. १८ डिसेंबर २०१५ च्या आदेशात लवादानं मान्य केलं, की इथल्या हवेमुळे लोकांच्या आरोग्याला धोका आहे.

आणि मग काय झालं? २०१७ पासून तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्या हटवून तिथल्या कुटुंबांना माहुलच्याच इमारतींत आणून ठेवलं. ७२ इमारती. मी ही तारखांची ओळ पुन्हापुन्हा तपासली, कारण क्रम उलटा असेल असं वाटलं. नाही, क्रम हाच आहे. आधी आदेश, मग स्थलांतर. लोकांनी आंदोलन केलं, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. सप्टेंबर २०१९ मध्ये न्यायालयानं सांगितलं, की कुणाला जबरदस्तीनं माहुलला पाठवू नका, आणि जे आहेत त्यांना दुसरीकडे घर देता येत नसेल तर महिन्याला १५,००० रुपये भाडं आणि ४५,००० अनामत द्या.

१३ ऑगस्ट २०२० ला हरित लवादानं व्हीओसीच्या प्रदूषणाबद्दल चार कंपन्यांना मिळून सुमारे २८६ कोटी रुपयांची भरपाई लावली: एजिस लॉजिस्टिक्सला १४२ कोटी, एचपीसीएलला ७६.५ कोटी, बीपीसीएलला ६७.५ कोटी, सी लॉर्ड कंटेनर्सला २० लाख. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलं. मला यात आकड्यापेक्षा दुसरी गोष्ट लक्षात राहते. इतकी वर्षं हवेत काय आहे हे सगळ्यात आधी सांगणारी माणसं तिथे राहणारी होती, आणि त्यांच्याजवळ यंत्र नव्हतं, नाक होतं.

आता माझ्या कामाकडे येतो. हा भाग बोलायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला.

आधी चिमणी मोजायची जुनी पद्धत. प्रयोगशाळेचा माणूस किट खांद्यावर घेऊन मंकी लॅडरनं वर चढतो, चिमणीच्या भोकातून नळी आत सरकवतो, ठरावीक वेळ हवा ओढतो. नळीत थिंबल असतं, टोपणासारखा एक फिल्टर. आधी त्याचं वजन, नंतर त्याचं वजन, फरक म्हणजे धूळ. प्रामाणिक काम आहे, पण वर्षातून मोजक्या वेळा होतं, आणि माणूस येणार हे कारखान्याला माहीत असतं. त्या दिवशी सगळी उपकरणं चालू असतात. आमच्या इथे साहेब येणार म्हटल्यावर शाळेची फरशी पुसतात तसं.

म्हणून केंद्रीय मंडळानं ५ फेब्रुवारी २०१४ ला निर्देश काढले, की १७ प्रकारच्या जास्त प्रदूषण करणाऱ्या उद्योगांनी, म्हणजे साखर कारखान्यांपासून तेलशुद्धीकरणापर्यंत, सतत मोजणारी ऑनलाइन यंत्रं बसवावीत. माणूस काढून टाकला, यंत्र चोवीस तास आणि थेट सर्व्हरवर. आमच्यासारख्यांच्या नोकऱ्या यातून आल्या.

आता थोडं तांत्रिक, पण सोपं आहे. चिमणीवरचं यंत्र आकडा पाठवत नाही, करंट पाठवतं. ४ मिलिअँपिअर म्हणजे शून्य, २० मिलिअँपिअर म्हणजे यंत्राची कमाल मर्यादा. समजा यंत्राची रेंज ० ते ५०० मिलिग्रॅम आहे. चिमणीत खरोखर ३०० असेल तर करंट रेंजच्या साठ टक्क्यांवर जाईल. डेटा लॉगरमध्येही ० ते ५०० असंच लिहिलेलं असेल तर स्क्रीनवर ३०० येईल. पण लॉगरमध्ये कुणी ० ते २०० असं लिहिलं, तर? साठ टक्के म्हणजे १२०. मर्यादा १५० असेल तर पट्टी हिरवी. यंत्र खरं, वायर खरी, सर्व्हर खरा. फक्त एका चौकटीतला एक आकडा बदललेला.

तो आकडा मी बदलला होता.

नोकरीचं पहिलं वर्ष. एक तिकीट आलं, ‘ग्राहकाच्या विनंतीनुसार रेंज दुरुस्त करणे’. एका औद्योगिक वसाहतीतला कारखाना, नाव सांगत नाही. मी कॉन्फिग उघडलं, ५०० खोडून २०० लिहिलं, सेव्ह केलं, तिकीट बंद केलं. चार मिनिटं लागली असतील. मला रेंज म्हणजे काय हे नीट कळलंही नव्हतं. जवळजवळ वर्षानं कॅलिब्रेशनच्या नोंदी जुळवताना दिसलं, की यंत्राची रेंज ५०० चीच आहे. मधल्या काळातला प्रत्येक आकडा खऱ्याच्या दोनपंचमांश होता. मी मॅनेजरना दाखवलं. ते बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, लेखी पाठव. पाठवलं. रेंज परत ५०० झाली. दुसऱ्या दिवसापासून त्या चिमणीचे अलार्म वाजायला लागले. कारखान्यातून फोन आला. पलीकडचा माणूस चिडलेला नव्हता, थकलेला होता. म्हणाला, ‘साहेब, बॅग फिल्टरच्या बॅगा फाटल्यात, नवीन मागितल्यात, खरेदी खातं मंजूर करत नाही. तोवर मला मदत करायची होती हो.’ मदत हाच शब्द त्यानं वापरला.

यानंतर मी गुजरातचा अभ्यास वाचला आणि मला जरा बरं वाटलं, म्हणजे वाईट वाटण्यात सोबत मिळाली. गुजरातमध्ये उच्च न्यायालयाच्या सांगण्यावरून १९९६ पासून कारखान्यांचं पर्यावरण ऑडिट बाहेरच्या ऑडिटरकडून व्हायचं. ऑडिटर कारखाना निवडायचा आणि पैसेही कारखानाच द्यायचा. एस्थर डुफ्लो, मायकेल ग्रीनस्टोन, रोहिणी पांडे आणि निकोलस रायन यांनी २००९ ते २०११ या काळात अहमदाबाद-सुरतच्या ४७३ कारखान्यांवर प्रयोग केला. निम्म्या कारखान्यांत जुनीच पद्धत ठेवली. उरलेल्यांत ऑडिटर चिठ्ठी टाकून ठरवला, पैसे सामाईक निधीतून ठरलेल्या दरानं दिले, आणि काहींचं काम पुन्हा जाऊन तपासलं. जुन्या पद्धतीत धुळीचे आकडे १५० च्या जरा खाली दाटीवाटीनं बसलेले निघाले. खऱ्या मोजणीत तशी गर्दी नव्हतीच. नव्या पद्धतीत तेच ऑडिटर खरं लिहायला लागले. आणि त्या कारखान्यांचं प्रदूषणही कमी झालं.

तेच ऑडिटर, बरं का. माणसं बदलली नाहीत, त्यांचे पैसे कुठून येतात ते बदललं. आपल्या ऑनलाइन यंत्रांत हे अजून बदललेलं नाही. यंत्र कारखाना विकत घेतो, देखभालीचा करार कारखाना करतो, आमच्या कंपनीचं बिल कारखाना भरतो. म्हणजे माझा पगारही शेवटी ज्याला मोजायचं त्याच्याच खिशातून येतो.

महाराष्ट्रानं ५ जून २०१७ ला एक वेगळा प्रयत्न सुरू केला, स्टार रेटिंगचा. चिमणीच्या धुळीच्या मोजणीवरून कारखान्याला एक ते पाच तारे, आणि ते लोकांना बघता येतील असे जाहीर. मला कल्पना आवडते, हॉटेल निवडताना आपण तारे बघतोच. पण तारे मोजणीवर, आणि मोजणी पुन्हा त्याच साखळीवर. शिवाय तो धुळीचा हिशेब आहे, बेंझीनचा नाही.

अमेरिकेनं २०१५ मध्ये तेलशुद्धीकरण कारखान्यांसाठी जो नियम केला तो मला यावरचं चांगलं उत्तर वाटतो. चिमणी, टाकी, व्हॉल्व्ह, सगळं राहू द्या. कारखान्याच्या कुंपणावर चहूबाजूंनी छोट्या नळ्या लावा, दोन आठवड्यांनी काढून बेंझीन मोजा. वर्षाची सरासरी ९ मायक्रोग्रॅमच्या वर गेली की मूळ शोधून दुरुस्ती करायचीच, आणि आकडे सगळ्यांना दिसतात. नळीत रेंजची चौकट नसते. कुंपणापलीकडे जे राहतात त्यांच्या नाकाच्या सगळ्यात जवळ ती असते.

काकांना परवा फोन केला होता, या भागासाठी. विचारलं, आता वास येतो का? म्हणाले, पूर्वीपेक्षा कमी. मग जरा थांबून म्हणाले, की माझं नाक गेलंय का वास गेलाय, ते सुनेला विचार. ती विरारची आहे. सुनेनं सांगितलं, येतो, रात्री उशिरा, वारा पडला की.

त्या कारखान्याचा करार आमच्या कंपनीकडून पुढच्याच वर्षी गेला. नवीन बॅगा बसल्या की नाही मला माहीत नाही, त्यांचा आकडा आता माझ्या स्क्रीनवर येत नाही. माझं ते जुनं तिकीट मात्र सिस्टिममध्ये आहे. स्थिती ‘बंद’, लागलेला वेळ चार मिनिटं, आणि खाली ग्राहकाचा अभिप्राय, पाच तारे.

पुढच्या भागात घाटाची गोष्ट आहे, करूळचा. गगनबावड्याहून खाली उतरताना ज्यांना गाडी लागते त्यांनी तो भाग घरी बसून ऐका.